जानेवारीतला उकाडा

निवृत्त होऊन फार दिवस झालेले नाहीत. हाताखालून गेलेल्या कितीतरी केसेस पुसट झाल्या, पण औषधांच्या गोदामाची ती केस आठवली की अजून हायसं वाटतं. एक निरपराध माणूस थोडक्यात वाचला होता.

वडील हवाई दलात, मूळ सोलापूरचे. त्यांच्या बदलीमुळे आम्ही चंदीगडला आलो आणि मी इथल्याच पोलिसांत लागलो. उभी नोकरी इथे केली, पण इथल्या थंडीशी माझं कधी जमलं नाही. जानेवारीत धुकं उतरलं की ठाण्यातला मुन्शीसुद्धा हातमोजे घालून रोजनामचा लिहितो. अशाच एका सोमवारी सकाळी औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामाचा मॅनेजर तक्रार घेऊन आला.

गोदामात इन्सुलिन ठेवायची शीतखोली होती. आत भिंतीला एक सेन्सर चिकटवलेला. तो तापमान मोजून थेट मुंबईच्या मुख्य कार्यालयाला कळवायचा. दार कार्डाने उघडायचं आणि कुणाचं कार्ड लागलं तेही मुंबईला दिसायचं. रविवारी सुट्टी असताना तापमान तीस अंशांवर गेल्याचा इशारा मुंबईला मिळाला. त्यांनी मॅनेजरला फोन केला, तो धावत गेला, तर म्हणे दार सताड उघडं. शेवटचं कार्ड लागलं होतं शनिवारी संध्याकाळी, स्टोअरकीपरचं. रजेवरून भांडण झालं म्हणून त्याने मुद्दाम माल नासवला, अशी तक्रार होती.

स्टोअरकीपर पिंजौरहून रोज बसने येणारा, पन्नाशीचा माणूस. त्याला बोलावून घेतलं. मी उलटसुलट विचारलं, दरडावून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीत काहीतरी भर घालतो. हा मात्र एकच वाक्य धरून बसला होता.

"साहब जी, दरवाज़ा मैंने बंद किया था. पक्का."

मग तो घरी गेल्यावर त्याचं कार्ड कुणी लावलं? तेव्हा कळलं की थंडीत तीन-तीन स्वेटरांतून कार्ड काढायचा कंटाळा म्हणून ते मॅनेजरच्या केबिनमधल्या खिळ्याला टांगलेलं असायचं. म्हणजे ते कुणीही घेऊ शकत होतं. पण एवढ्याने माणूस सुटत नाही. बाहेर बाकावर त्याची बायको शाल घट्ट ओढून बसली होती. आत काय चाललंय हे विचारायचीही तिची छाती होत नव्हती.

दुपारी मोहालीच्या एका ओळखीच्या औषध दुकानदाराचा फोन आला. कुणीतरी बिलाशिवाय, निम्म्या भावात इन्सुलिन देऊ करत होतं, माल उद्या मिळेल म्हणून. ऐकलं आणि वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मी लगोलग गोदामात गेलो. फाटकात टेम्पो उभाच होता. नासलेला माल डेराबस्सीला जाळायला पाठवायचाय, तेवढा पंचनामा उरकून टाका, अशी मॅनेजरने घाई लावली. मी म्हटलं, आधी शीतखोली दाखवा. त्याने दार उघडलं. मी उंबऱ्यावर उभा राहिलो, तर तोंडाकडून जेवढा गारठत होतो तेवढाच पाठीकडूनही. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेर सात अंश असताना दार उघडं टाकून खोली तीस अंशांवर जाईल कशी?

अख्ख्या गोदामात ऊब असलेली जागा एकच होती, मॅनेजरची केबिन. मी भिंतीवरचा सेन्सर काढला, केबिनमधल्या हीटरसमोर ठेवला आणि मुंबईला फोन लावला. पलीकडे मराठी बाई होत्या. त्यांच्याशी बोलत थांबलो. थोड्या वेळाने त्या घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "सर, परत तीस दाखवतंय. कुणी दार उघडलं का?"

"दार बंद आहे बाई. तुमचा सेन्सर मी हीटरसमोर ठेवलाय."

"पण दार उघडं राहिलं तर गरम होणारच, असं आम्ही धरून चाललो."

"मुंबईत होईल. इथे होत नाही."

मॅनेजर तिथेच खुर्चीत बसला. त्याला फार विचारावं लागलं नाही. खिळ्यावरचं कार्ड त्यानेच वापरलं होतं. माल नासला असं कागदावर ठरवायचं, जाळायच्या नावाने तो टेम्पोतून बाहेर काढायचा आणि चांगलं इन्सुलिन बाजारात विकायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला आम्ही. बंद पेट्यांमध्ये कारखान्यानेच तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं टाकली होती. त्यांतल्या नोंदी मुंबईने तपासल्या. माल क्षणभरही तापला नव्हता.

यंत्र खोटं बोलत नाही, हे मलाही मान्य आहे. पण साक्षीदाराला आपण आधी विचारतो, तू तेव्हा कुठे उभा होतास? तेच यंत्रालाही विचारायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकलो. नंतर नव्या अधिकाऱ्यांनाही हेच सांगत आलो.

संध्याकाळी ठाण्यात परतलो आणि स्टोअरकीपरला म्हटलं, घरी जा, तुझ्यावर काही नाही. त्याची बायको हात जोडून उभी राहिली. तो मात्र म्हणाला, "साहब जी, माल फेंका तो नहीं? मरीज़ों का है."

मी सांगितलं, सगळा शाबूत आहे, उद्या गाड्या निघतील. दिवसभर टिपूस न गाळलेला तो माणूस बायकोच्या शेजारी बाकावर बसला आणि ढसाढसा रडला. मी मुन्शीला त्या दोघांसाठी चहा सांगितला. त्याने तो आधीच मागवला होता.