नऊ फूट हंस

भोजराज रहांगडाले यांनी आमगावच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेल्या वर्षांत फिल्मच्या बावीस पट्ट्या जमवल्या. एकाही पट्टीत नट नाही की नटी नाही. सगळ्या 'कलहंस चित्र' या मुंबईच्या एकाच कंपनीच्या आणि सगळ्यांत सिनेमाआधी दिसणारी तिची खूण: पाण्यावरून येणारा, कंपनीच्या नावाच्या अक्षरांमागे जाणारा आणि पलीकडून बाहेर पडणारा हंस.

जमवण्याला कारण होतं. प्रिंट भंडारा, तुमसर, तिरोडा करत आमगावला पोचे तेव्हा पहिल्या रिळाचं तोंड फाटलेलं असे. प्रत्येक गावचा ऑपरेटर फाटका भाग कापून पुढे पाठवी, आणि कात्री आधी हंसावरच चाले. आमगावचे प्रेक्षक तर बाहेर बकारामच्या कँटीनमध्ये आलूबोंडे खात बसत. हंस अक्षरांमागून निघताना शंख वाजे, तो ऐकला की आत धावत. शंख नाही, तर निम्मी मंडळी बाहेरच. आमगाव हा प्रिंटचा शेवटचा मुक्काम. परत पाठवताना भोजराज तिचा उरलासुरला हंस काढून ठेवत आणि पुढच्या एखाद्या प्रिंटला कमी पडला तर जोडत.

पट्ट्या उजेडात धरून पाहताना त्यांना कोडं पडलं. १९९९ चा हंस डावीकडून येई, २००२ चा उजवीकडून. २००५ मध्ये उजवीकडूनच दोन आले. २००८ मध्ये पुन्हा एक, कॉम्प्युटरवर केलेला, पीस न् पीस दिसणारा. दुसरा आला कुठून आणि गेला कुठे?

"मालक दोघं भाऊ असतीन," बकाराम म्हणाला. "हिस्सेवाटनी झाली असन."

"मंग तलाव कोनाच्या हिश्श्याले गेला?"

"ते तुले मालूम गा. तू आप्रेटर. मी आलूबोंडेवाला."

भोजराजांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. "धानाच्या बांधीतले बगळे कधी मोजले नाही," पत्नी अनुसयाबाई म्हणाल्या, "अन् फिलिमातले हंस मोजून राहिले!"

२०११ मध्ये टॉकीजमध्ये उपग्रहावरून सिनेमे येऊ लागले आणि भोजराज घरच्या धानशेतीकडे वळले. दोन वर्षांनी मुंबईहून फोन आला. कंपनी आपल्या सगळ्या खुणा कार्यालयाच्या भिंतीवर मांडणार होती. दोन हंसांची तेवढी कुठेच मिळत नव्हती आणि जुन्या फायलीत कोणाला तरी ती पत्रं सापडली होती.

कंपनीची सोनिका नावाची तरुण मुलगी विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाला उतरून आमगावला आली. तिने ओसरीवर पट्टी उजेडात धरली आणि भिंगातून एकेक चौकट पाहत गेली. दोन हंस अक्षरांमागे गेले. बाहेर एकच आला.

"काका, हा दुसरा बाहेरच येत नाही!"

"नाही येत."

"आमचे दोघे मालक भाऊ २००६ ला वेगळे झाले. म्हणजे वाटणी त्यांनी आधीच खुणेत दाखवली होती! हे कोणालाच ठाऊक नाही. ही पट्टी भिंतीवर मधोमध लागेल. खाली तुमचं नाव. 'शोध: भोजराज रहांगडाले, आमगाव'."

अनुसयाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. भोजराजांनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ ते पट्टीकडे नाही, अंगणात पाहत होते. मग त्यांनी दोन चौकटींमधल्या रेघेवर नख ठेवलं.

"इथं पाहा बाई. जोड आहे."

"कसला जोड?"

"ती प्रिंट आली तवा दोन हंसाचे नऊच फूट उरले होते. शंख पाहिजे म्हून म्या पुढचा तुकडा २००२ चा लावला. त्याच्यात हंस एकच होता."

सोनिकाने भिंग परत घेऊन ती रेघ पाहिली. "मग खरं पुढे काय होतं?"

"म्या नाही पाहिलं. तिरोड्यापावेतो कोनी पाहिलं असन."

"तुम्ही बोलला नसता तर कोणाला कळलं नसतं, काका."

"अवो, नाव लागत होतं ना भिंतीवर," अनुसयाबाई पुटपुटल्या.

"हंस कवा बदलला ते समजावं म्हून जमवल्या ह्या पट्ट्या," भोजराज म्हणाले. "मीच खोटा हंस घुसवला तं मोजलं कायले?"

सोनिकाने वही काढून लिहिलं आणि वाचून दाखवलं: "२००५. पहिले नऊ फूट मूळ. पुढचा भाग बहुतेक आमगाव येथे जोडलेला."

"'बहुतेक' काढा," भोजराज म्हणाले.

तिने तो शब्द खोडला. "आणि तुमचं नाव कुठे लिहू?"

"जोडलेल्या भागापुढं," ते म्हणाले. "तो माहाच आहे."