तात्यांची हद्द

चौकीवाले तात्या बावीस वर्षं रोज सायकल चालवत होते आणि सायकलवरून सहा मैलांच्या बाहेर कधी गेले नव्हते. बारामतीहून अंथुर्ण्याच्या बाजूला जाणाऱ्या कालव्यावर त्यांची चौकी होती. चौकीच्या वर तीन मैल आणि खाली तीन मैल ही त्यांची हद्द. सकाळी वरच्या दगडापर्यंत जायचं, संध्याकाळी खालच्या दगडापर्यंत. काठ कुठे खचलाय का, खेकड्यांनी कुठे भोकं पाडलीत का, एवढं बघून वळायचं. "माझी सायकल लई चाललीय मास्तर," ते म्हणायचे, "पन कुठं गेली न्हाय."

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बारामतीच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. रविवारी आम्ही तिघे सायकली घेऊन निघायचो. एक मी, दुसरे सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले रशीदभाई आणि तिसरा पोस्टमन जगताप. जगताप आठवड्याचे सहा दिवस नोकरीसाठी सायकल हाणायचा आणि सातव्या दिवशी हौसेसाठी. अशाच एका रविवारी चौकीसमोर माझी सायकल पंक्चर झाली. तात्या आतून घमेलंभर पाणी आणि ठिगळाचं सामान घेऊन आले आणि रशीदभाईंच्या डोळ्यांदेखत त्यांच्यापेक्षा सुबक ठिगळ लावून दिलं. तेव्हापासून आमचे रविवार चौकीवरच संपायला लागले.

चौकी म्हणजे एक खोली. कोनाड्यात बुद्धाची हातभर मूर्ती, खाली खाट, भिंतीला हँडल फिरवायचा फोन. बाहेर पाण्यात आकडे कोरलेली पट्टी उभी. कालव्याला पाणी असलं की दर तीन तासांनी पट्टीवरचा आकडा बघायचा आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीला कळवायचा. पाणी वाढलं तर पट्टीशेजारचं लोखंडी दार उघडून जादाचं पाणी ओढ्यात सोडायचं. त्या दाराची किल्ली तात्यांच्या करगोट्याला असायची. गप्पा कितीही रंगोत, वेळ झाली की ते वाक्य अर्धं टाकून उठायचे. परत येऊन उरलेलं अर्धं पुरं करायचे, तेही बरोबर त्याच शब्दापासून. त्यांचं घर वरकुट्याला, दहा कोसांवर. काकू तिथे शेती बघायच्या. कालवा कोरडा पडला की तात्या हमरस्त्याने एसटीने जायचे, तेव्हाच त्यांना घर दिसायचं.

सहलीची कल्पना त्यांचीच. कालव्याच्या काठाने अंथुर्णे, तिथून कळस, शनिवारी रात्री वरकुट्याला त्यांच्या घरी मुक्काम आणि रविवारी सकाळी धरणाच्या फुगवट्यावर, थंडीत उतरणारे पक्षी बघायला. हद्दीपुढचा हा रस्ता त्यांनी पाहिलेला नव्हता, म्हणून ते माणसांकडून गोळा करायचे. मेंढरं घेऊन जाणारा धनगर, उसाची गाडी हाकणारा, कुणी सोयरीक बघून परत येणारा. तात्या त्याला थांबवायचे, चहा पाजायचे. "त्यो चढ कसा हाय? बैल मधी थांबत्यात का एका दमात जात्यात?" उत्तर मिळालं की पुढच्या रविवारी मला सांगायचे आणि मी कचेरीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर नकाशा सुधारायचो. कळसच्या रस्त्यावरचा एक चढ त्यांनी माझ्याकडून तीन वेळा खोडून घेतला. त्यांचा एक हिशेब ठरलेला होता. "चढ सकाळी घ्यायचा, दुपारी पान्यापाशी बसायचं, आन दिवस कलला की मानसांत जायचं."

पहिल्या खेपेला कालव्याच्या पाण्याची पाळी लांबली आणि त्यांना निघता आलं नाही. दुसऱ्या खेपेला बदलीचा माणूस आजारी पडला. "तुमी जाऊन या," ते म्हणाले. रशीदभाई म्हणाले, "ज्यानं रस्ता काढला त्याला सोडून कसं जायचं, तात्या?" आम्ही गेलो नाही. पण त्या रविवारी आम्ही घरी जायला उठलो तेव्हा तात्या दारात उभे राहून आमच्या सायकलींकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मला पुढे कित्येक दिवस सोडत नव्हती.

तिसऱ्यांदा जानेवारीत जमलं. शनिवारी सकाळी नऊला बदलीचा माणूस येणार होता. आम्ही पोचलो तेव्हा तात्या धुतलेला पांढरा सदरा घालून खाटेवर बसले होते. नऊ वाजले, दहा वाजले. कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, निघालाय. अकराचा आकडा कळवून झाला तरी काठावर कुणी दिसेना. तात्या सदऱ्याची बटणं काढायला लागले.

मी म्हणालो, "निघालाय म्हणतात ना, तात्या. येईल तासाभरात. तेवढ्यानं काय होतंय?"

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग करगोट्याची किल्ली सोडून चौकीच्या दाराच्या खिळ्याला अडकवली आणि कडी लावली.

हद्दीचा दगड आला. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दगड मागे पडला आणि मग ते बोलायला लागले ते अंथुर्ण्यापर्यंत थांबले नाहीत. कळसला मात्र एका टेलिफोन बूथसमोर उतरले. दोनदा कचेरीचा नंबर फिरवून घेतला, लाईन लागली नाही. "आलाच असेल," मी म्हणालो. ते सायकलवर बसले.

वरकुट्याला काकूंनी आधीच चूल पेटवून ठेवली होती. "दोन येळा येतो म्हनले आन आले न्हाईत. म्हनून या बारीला शेजारनीला बी सांगितलं न्हाय," त्या म्हणाल्या. तात्या सावकाश जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला हळूच म्हणाल्या, "घरी आले तरी दर तीन तासानं उठून बसत्यात. काल उठले न्हाईत."

फुगवट्यावर पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. लांबवर उथळ पाण्यात गुलाबी पक्ष्यांचा थवा उभा होता. जगताप मोजायला लागला, रशीदभाईंनी शेंगा काढल्या. तात्या चिखलाच्या कडेला उकिडवे बसले आणि बराच वेळ पाण्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "हे पानी बघा, नुसतं थांबलंय. कुनाला कळवायचं न्हाय."

दुपारी वरकुट्याला परतलो तर दारात कचेरीची जीप उभी होती. बदलीच्या माणसाला निरोपच पोचला नव्हता. कारकुनाने न बघताच 'निघालाय' म्हणून सांगितलं होतं. शनिवारी दिवस मावळताना वरच्या अंगाला शेतकऱ्यांनी रानात पाणी घ्यायची आपापली दारं बंद केली, सगळं पाणी खाली आलं आणि ते ओढ्यात सोडायला चौकीत कुणी नव्हतं. कालवा फुटला. गव्हाची रानं गेली, वस्तीवरची दोन घरं पडली, एकाची शेरडं वाहून गेली. माणसं वाचली.

"कुठल्या दगडापाशी?" तात्यांनी एवढंच विचारलं. जीपमधून आलेल्या साहेबांनी सांगितलं. "तितला काठ मऊच हाय," ते म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यांची सायकल आम्ही आळीपाळीने हाताने ओढत आणली.

चौकशी लागली. आम्ही तिघांनी ठरवलं की तात्यांना ताप होता, आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, असं सांगायचं. तात्या म्हणाले, "मी न्हवतो. न्हवतो म्हंजी न्हवतो."

"पण कारकून तर निघालाय म्हणाला होता," मी म्हणालो.

"त्यानं सांगितलं. बघायचं काम माझं हुतं."

मग त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "अक्षर तुमचं चांगलं हाय, मास्तर. मी सांगतो, तुमी लिवा." मी लिहू लागलो. वेळा, आकडे, किल्ली कुठे ठेवली ते. शेवटी ते सरकारी कागदाच्या भाषेत म्हणाले, "मी माझ्या मर्जीने गेलो. मला कोणी आग्रह केला नाही."

माझा हात थांबला. मी वर पाहिलं. ते पट्टीवरचा आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाले, "लिवा."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. खाली साक्षीदार हवा होता, तिथे मी केली.

काही महिने ते निलंबित होते. मग त्यांना लांबच्या तालुक्यात एका गोदामावर पाठवलं. जिथे कालवा नाही, जिथून वरकुटं आणखी लांब. बारामतीच्या स्टँडवर मी एकटाच सोडायला गेलो. एसटी सुटायच्या आधी मी खिडकीशी उभा राहिलो आणि इतके दिवस राहून गेलेलं बोलायला लागलो. "तात्या, त्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो नसतो तर..."

"तुमी म्हनला म्हनून न्हाय गेलो," त्यांनी मला मध्येच तोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मला जायचं हुतं, मास्तर."

कंडक्टरने दोरी ओढली. ते खरं बोलले, की मला सोडवायला बोलले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल म्हणून मी गाडीबरोबर चार पावलं चालत गेलो. पण तात्यांनी तोंड पुढे वळवलं होतं.