खुंट्या नसलेली गिटार

वाद्यं दुरुस्त करणारे मास्तर एक नंबरचे खडूस. पण नजर अशी, की वाद्य नुसतं उलटं केलं तरी ते कोणाच्या हातचं ते सांगतील. एके दिवशी एक वादक बाई त्यांच्याकडे भलीमोठी पेटी घेऊन आल्या. आत पेडल स्टील गिटार. म्हणजे टेबलासारखी आडवी ठेवायची, तारांवरून लोखंडी कांब सरकवायची आणि पायानं पेडल दाबून सूर चढवायचा. भंगारवाल्याकडे मिळाली होती. कारखान्याचा शिक्का नाही, आणि तारा पिळायला एकही खुंटी नाही.

"घरी केलेली दिसते," बाई म्हणाल्या. "कार्यक्रमात वाजवणार आहे. करणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर सांगायचंय. तुम्हाला नाही कळलं, तर कोणालाच नाही कळायचं."

मास्तरांनी गिटार उलटी केली. पेडलपासून तारांपर्यंत सायकलचे स्पोक ओढलेले. तारा ताणायची सोयही खालच्याच टोकाला, स्पोकच्या बारक्या नटांनी केलेली. कोणी बघणारही नाही अशा जागी प्रत्येक नटाची कड कानशीनं गोल केलेली. हा नसता सोस जगात एकाच माणसाला होता. त्यांचा गुरुबंधू, मुका.

मुका म्हणजे बोलता न येणारा नव्हे. तो फारसं बोलायचाच नाही. दोघं एकाच उस्तादांकडे शिकले. घाम गाळायचे मास्तर, आणि उस्ताद बोट फिरवून "वा" म्हणायचे ते मुक्याच्या कामावर. मास्तरांना अकरा वर्षांत एकदाही "वा" मिळाला नाही. चार वर्षांपूर्वी मुका गेला, पण मास्तरांची जळजळ काही त्याच्याबरोबर गेली नाही.

आता भरल्या सभेत त्याचं नाव घेणार? मेल्यावरसुद्धा हाच भाव खाणार? मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

"असेल कोणी हौशी," ते म्हणाले. "हात बरा आहे. नाव नाही सांगता येत."

बाईंचा चेहरा पडला. "मग एवढं तरी बघा." त्यांनी पेडलची पट्टी काढली. "आत कोरलंय, 'खुंट्या काढायची अक्कल बुटक्याची, हात माझा.' हा बुटक्या कोण?"

मास्तरांनी पट्टी हातात घेऊन पुन्हा वाचली. त्यांना बुटक्या म्हणणारा जगात एकटा मुकाच होता. आणि अक्कल कसली, कपाळ! खुंट्या सारख्या निसटतात म्हणून मुका एकदा डोकं धरून बसला होता, तेव्हा मास्तर खेकसले होते, "मग उपटून टाक ना एकदाच्या!" बोलले होते खिजवायला. त्या बाबानं तो सल्ला समजून मनावर घेतला, खपून खपून खरा करून दाखवला, आणि वर श्रेयही देऊन टाकलं.

बुटक्या मीच म्हणावं, तर हात कोणाचा तेही सांगणं आलं. गप्प बसावं, तर जन्मात मिळालेला एकुलता एक "वा" बुडाला.

"बुटक्या मी," मास्तर शेवटी म्हणाले. "आणि करणारा... घ्या लिहून." त्यांनी मुक्याचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. बाईंनी चुकीचं लिहू नये म्हणून दोनदा सांगितलं.

"केवढ्या मोठ्या मनाचा माणूस," बाई म्हणाल्या.

"त्याचाच तर राग येतो," मास्तर म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो, तर नसतं कोरलं."