मिठानं शिस्तीत खाल्लेली चेसी

ऐंशी सालच्या आसपास दादानं मालकाची ड्रायव्हरकी सोडून स्वतःचा ट्रक घेतला. तिसऱ्या हातचा. आधीच्या मालकानं त्यात वर्षानुवर्षं गुजरातेतलं मीठ वाहिलेलं. त्यामुळे चेसी, म्हणजे अख्खा ट्रक ज्यावर उभा असतो तो लोखंडी सांगाडा, पापुद्रे सुटून लोंबायला लागलेली. आरटीओचं पासिंग तोंडावर आलेलं. ते झालं की निफाडची द्राक्षं मुंबईला न्यायची, एवढंच दादाच्या डोक्यात.

मी सातपूरच्या एका कारखान्यात रंगकामाला होतो. रंगवायचो पंख्यांच्या जाळ्या, पण घरी बोलायचो असं, की आगगाडीही मीच रंगवतो.

"गॅरेजवाल्याकडं टाकू का?" दादानं विचारलं.

"तो गंजावरच काळं फासतो. गंज मुळापासून काढावा लागतो. तू लोखंड माझ्यावर सोड."

"बघ हां, शान्या."

द्वारका चौकाजवळच्या मोकळ्या प्लॉटवर मी ट्रकखाली शिरलो. वायर ब्रश, कानस, उसना आणलेला ग्राइंडर. रॉकेलनं धुतलं, खरवडलं. तोंडात इतका गंज गेला की चहासुद्धा खिळे उकळल्यासारखा लागायचा. पुढच्या उजव्या चाकामागचा पापुद्रा निघाला, तर खाली बारीक खड्डे, एका ओळीत. मनात म्हटलं, वा! काय शिस्तीत खाल्लंय मिठानं! ग्राइंडर फिरवून आरशासारखं सपाट केलं. मग रेड ऑक्साईड, वाळल्यावर वरून काळा रंग. वहिनीला बोलावून दाखवलं. "भावजी, तोंड दिसतंय की ह्यात!" ती म्हणाली, आणि मी फुगलो.

पासिंगला साहेब कागद-पेन्सिल घेऊन वाकले. चेसीवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, नंबर उमटतो, तो कागदपत्रांशी ताडायचा. साहेबांनी घासलं. कागद नुसताच काळा झाला.

"नंबर कुठाय?"

ती शिस्तीतली ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली. "साहेब, तिथं गंज होता. मी काढला."

"चोरीच्या गाड्यांचा गंज असाच काढतात," साहेब म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

दादाला चौकीवर बसवलं. ज्यानं मालकाचं डिझेल कधी थेंबभर चोरलं नाही, त्याला विचारत होते, गाडी कुठनं उचलली. मी पुढं होऊन सांगितलं, नंबर मीच घासला, मला तो खड्डा वाटला. हवालदार हसला. "भावाला वाचवायला बरी गोष्ट रचलीस." इतका मूर्ख माणूस असू शकतो, यावर कायद्याचा विश्वासच नव्हता.

चोरी शाबित झाली नाही, पण नंबरही परत आला नाही. आधीच्या मालकाची साक्ष हवी, तो गाव सोडून गेलेला. द्राक्षांचा हंगाम गेला, पुढचाही गेला. प्लॉटवर ट्रकचे टायर बसले, बाजूचे लाकडी फाळके सडले, केबिनमध्ये कुत्री व्यायली. ज्याची ड्रायव्हरकी सोडली होती, त्याच मालकाच्या दारात दादा परत उभा राहिला. मालक एवढंच म्हणाला, "आलास? आधी गाडी धू."

शेवटी भंगारवाला आला. केबिनवर हातोडी मारली, ती आरपार गेली. चेसीवर मारली, तर टण्ण आवाज.

"ही लय झ्याक राखली हाय! रंगवली कुणी?"

दादानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हाय एक कारागीर," तो म्हणाला. "घरातलाच." आणि मालकाच्या गाडीत डिझेल भरायचं राहिलंय म्हणत निघून गेला.