छताकडं बघून बोलनारे भाऊजी

आमच्या ह्यांच्या आत्तेभावासारखा दुसरा मानूस नांदेडपासून लातूरपर्यंत कुनी दाखवला तर मी त्याच्या घरी जन्मभर भाकरी थापीन. बाकीचे भाऊजी दारात आले की चपला काढतात, वहिनी बऱ्या हायेत का मनून इचारतात, पानी मागतात. हे भाऊजी दारात उभे राहून वर बघतात. छताचा एक कोपरा, मग दुसरा कोपरा, मग बीम, मग खांबावर बोटाच्या पेरानं टकटक, डॉक्टरनं लेकराची छाती बघावी तशी, आन मगच त्यांच्या ध्यानात येतं की खाली मानसं बी हायेत. इंजिनियर हायेत ते, घरं बांधायचे. मी नववीत शाळा सोडलेली, मला त्यांच्या कामातलं काय कळायचं, पन त्या मानसानं माझ्यासाठी जे केलं ते कुनाला तरी सांगितल्याबिगर मला चैन न्हाई, मनून सांगायले.

वर बघायच्या ह्या खोडीपायी त्यांचं लग्न लांबलं. लातूरला पोरगी बघायला गेले, पोरीनं पोहे आनले, पोरगी समोर बसली, आन हे वर बघायलेत. पोरीच्या बापाला वाटलं पंखा हवाय, त्यानं पंखा वाढवला. भाऊजी मनले, "काका, तुमच्या गच्चीचा उतार उलटा हाय. पानी ह्या भिंतीत उतरायलंय." मग बाप आन भाऊजी दोघं गच्चीवर गेले ते पोहे गार होऊन वातड झाले तरी खाली आले न्हाईत. पोरीनं सरळ सांगितलं, ह्या मानसाला मी दिसलेच न्हाई. खरंच होतं ते. पन दोन महिन्यांनी त्याच बापाचा फोन आला, पाऊस लागलाय, या. हे गेले, उतार करून दिला, त्या पोरीच्या लग्नात जेवून बी आले. आत्याबाई, मंजे माझ्या सासूबाई, अजून मनतात, "लोक बायको आनतात, ह्यानं गच्ची दुरुस्त करून आनली."

त्यांच्यासंगं शिकलेली पोरं आता कोन पुन्याला कॉम्प्युटरवर बसलंय, कोन विमा विकतंय, कोन सरकारी परीक्षेचे फॉर्म भरून भरून टकला झालंय. हेच तेवढे धुळीत राहिले. लोक मोबाइलात एक बंगला दाखवतात, अख्खा काचेचा, समोर पोहायची टाकी, आन मनतात आमच्या दोन खोल्यांच्या जागेत असाच पायजे. भाऊजी इचारतात, "लोखंड किती टाकनार?" ते मनतात, ते मिस्त्री बघून घेईल, तुम्ही रंग सांगा. एकदा आमच्या ह्यांनी गंमत केली, मनले, "आता मोबाइलला सांगितलं की नकाशा आपोआप निघतो, तुझं कसं रं?" भाऊजी चहा फुंकत मनले, "निघू दे की. मोबाइल पानी मारायला येत न्हाई."

पानी मारनं मंजे काय ते मला आमचं घर बांधतानाच कळलं. सिमेंट ओतलं की रोज त्याला भिजवायचं असतं, कारन ते आतून तापतं आन हळूहळू घट्ट होतं. आमचं मुखेडजवळचं जुनं घर पाडून नवीन दोन खोल्या चालल्या होत्या आन आम्ही मागं पत्र्यात राहत होतो. भाऊजी नांदेडहून मोटरसायकलीवर यायचे आन आधी रेती तपासायचे. नदीची रेती आता कुठं मिळायली, दगड दळून केलेली येते, तिच्यात माती किती हाय ते बघायला आत्याबाईंच्या पावन्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या गिलासात रेती, पानी आन मीठ घालून हालवायचे आन गिलास फळीवर ठेवून द्यायचे. माती वर बसते मने. एक दिवस मामंजी रानातून आले, सरबत समजून तोंडाला लावला. थुंकत बाहेर पळाले. भाऊजी मागं पळाले, आन इचारलं काय, "मामा, गिलास हालला तर न्हाई ना?"

खांबांना ओलं बारदान गुंडाळून त्यावर हात ठेवून उभे राहायचे. टँकर आला की आत्याबाई मनायच्या बाळंतिनीच्या न्हानीला आधी, भाऊजी मनायचे खांबाला आधी. शेवटी माझ्या लेकरानं आंघोळ केलेलं पानी बी ते बादलीनं उचलून न्यायला निघाले, तवा आत्याबाईंनी काठी घेतली. "मामी, साबन न्हाई लावला ना? साबनाचं चालत न्हाई," एवढंच मनले. मला हसू आलं. बाळंतपनानंतर तेच पैलं हसू असंल, कारन तवा मी लई भ्यालेली होते.

भ्यायचं कारन सांगते. माझी आई भूकंपातल्या गावची, औशाकडची. ती लहान होती तवा दगडामातीचं घर पडलं आन तिची धाकटी बहीन त्याच्याखालीच राहिली. आईनं मला कधी छताखाली निवांत झोपू दिलंच न्हाई, दाराजवळ निजवायची. ते भ्याव माझ्या अंगात भिनलंय. बाळंतपनाला माहेरी जायचं तर आई आजारी, मनून सासरीच झालं, मुलगी झाली, आन बरोबर त्याच आठवड्यात आमचा स्लॅब पडला. स्लॅब पडला मंजे ओतला, हे बी मला भाऊजींनीच समजवलं, मी ऐकून आधी रडायलाच लागले होते.

स्लॅबमधी आत्याबाईंनी हट्टानं पाळन्याची कडी बसवून घेतली होती. त्या जन्मभर पत्र्याखाली राहिल्या, त्यांची लेकरं बाभळीला साडी बांधून वाढली. त्यांचं एकच मननं, नातीचं बारसं आपल्या स्लॅबच्या कडीला पाळना लावून करायचं. आन बारसं आलं तवा स्लॅबखाली अजून टेकूंचं रान उभं, मानूस वाकून जाईना. मिस्त्री मनला, "काय होत न्हाई, मधले टेकू काढून देतो." त्याला ते टेकू नायगावच्या कामावर न्यायचे होते, मजूर मिळंनात, पुढचा मालक फोनवर शिव्या घालायला. मामंजी हाव मनले. आमचे हे बी हाव मनले. सगळे खुश. मला कुनी इचारलं न्हाई, आन इचारलं असतं तरी मामंजींपुढं माझा आवाज कुठं निघत होता. मी मोरीत गेले, लेकरू कडेवर, आवाज बाहेर जाऊ नये मनून टाकीचा नळ सोडला आन भाऊजींना फोन लावला. मनले, "भाऊजी, उद्या टेकू काढायलेत. कडीला पाळना बांधनार हायेत. खाली माझं लेकरू." ते मनले, "नळ बंद करा आधी. आलोच."

सकाळी मिस्त्री हातोडा घेऊन आला तर भाऊजी टेकूंच्या मधी घमेलं पालथं घालून त्यावर बसलेले, चहा पीत.

"साहेब, उठा. काम करू द्या."

"कर की. मी कुठं अडवलं? पैला हा काढ, माझ्या डोक्यावरचा."

"तुमचं पुस्तकातलं हाय सगळं. मी असे कैक काढलेत."

"तेवढ्या घरात बारसं झालं होतं का त्या दिवशी? पन्नास बाया नाचल्या होत्या का?"

मामंजी भाऊजींवर चिडले. "बापू, पावने निघालेत घरून. आता सांगू काय त्यांना?"

"मामा, सिमेंट अजून कच्चं हाय. त्याचे दिवस भरले न्हाईत. तुम्हाला उठवायचंच असंल तर मी उठतो, पन माझं ऐकू नका, मिस्त्रीचं बी ऐकू नका." आन ते पैल्यांदाच छत सोडून माझ्याकडं बघून बोलले. "वहिनी, लेकरू तुमचं. तुम्ही सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मनले, "मी लेकरू ह्याच्याखाली आननार न्हाई." एवढंच. त्या घरात एवढं सलग वाक्य मी मामंजींपुढं कधी बोलले नव्हते. मला वाटलं आता मला कायतरी ऐकायला मिळनार. आत्याबाई लई येळ कडीकडं बघत राहिल्या. मग पाळना उचलला आन मनल्या, "चला चिंचेखाली. स्लॅब असून झाडाखाली बारसं करनारं आपलंच घर."

भाऊजींनी चिंचेची फांदी बी तपासली. दोन्ही हातांनी लटकले, पाय वर घेऊन, पावने बघायलेत, बाया तोंडाला पदर लावून हसायल्यात, आन हे लटकलेले. मग उतरून हात झटकले आन मनले, "चालंल."

पुढं दिवस भरल्यावर ते स्वतः उभे राहिले आन एकेक टेकू काढून घेतला. मी लांब चिंचेखाली लेकरू धरून उभी. शेवटचा टेकू निघाला आन कायबी झालं न्हाई. आवाज न्हाई, धूळ न्हाई. भाऊजी आत गेले, वर बघितलं, बाहेर आले, चहा मागितला. त्यांच्या कामाचं असंच असतं, नीट झालं की कायबी होत न्हाई, आन जे झालंच न्हाई त्याचं कौतुक कोन करनार. इकडं लोक नकाशा घेतात आन मग मिस्त्रीच्या हवाली करतात, रोज येऊन उभा राहनारा इंजिनियर कुनालाच नको असतो. मनून ते आता हैदराबादेत हायेत, मोठ्या कंपनीत, उंच उंच बिल्डिंगा. फोन केला की मागं मशीनचा आवाज येतो, त्यांचं बोलनं अर्धंच ऐकू येतं. आत्याबाई मनतात काचेचे गिलास आता फळीवर कोरडेच राहतात.

मागं एक दिवस दुपारी जमीन हालली. लई न्हाई, आमच्याकडं हालते तशी, मांडनीवरची भांडी वाजली. पन मी कडीला टांगलेल्या पाळन्यातून लेकरू उचललं आन अनवानी बाहेर पळाले. सगळी गल्ली बाहेर. पोरगी खांद्यावर झोपलेलीच. तिथूनच भाऊजींना फोन लावला.

"वहिनी, बाहेर आलात ना?"

"हाव."

"बरं केलंत. तसंच करायचं." मागं मशीन चालू होतं. मग मनले, "भिंतीला, बीमला कुठं तडा दिसतो का?"

मी दारातून एकेक कोपरा बघितला. भाऊजी बघायचे तसाच. "न्हाई," मनले.

"मग जावा आत. निजवा तिला."

गल्लीतल्या बाया बाहेरच बसून होत्या, कुनी आत जाईना. मी उंबरा ओलांडला, कडीखाली गेले आन लेकरू पाळन्यात ठेवलं.