वायर हलली नव्हती

माइक हातात आला की माझा आवाज चढतो, हे तुम्ही ऐकलेलं आहे. ट्रक, धूळ, फुटलेले रस्ते – कितीतरी पत्रकं लिहिली, वाटली, ओरडून वाचली. ही एक गोष्ट मात्र आजवर तोंडातून निघाली नाही. घरी नाही, संघटनेत नाही – प्रज्ञाताईसमोर तर नाहीच.

वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली गेलेल्यांच्या घरच्यांचं म्हणणं आम्ही यवतमाळच्या कार्यालयात रेकॉर्ड करत होतो. ते काम प्रज्ञाताई बघायची, यंत्रं माझ्याकडे. दोन जुने सर्व्हर होते. त्यांच्या पोटात आभासी मशीन चालायची – लोखंडी डबा एक, आत संगणक अनेक. असं एखादं मशीन बंद न करता, चालू कामासकट, दुसऱ्या डब्यावर नेता येतं. मी ते पाहुण्यांना करून दाखवायचो. पत्रकातही ठोकून दिलं होतं – 'सर्व्हर डाउन' हे कचेरीतलं उत्तर आमच्याकडे कधीच ऐकू येणार नाही.

कधीच. काय गरज होती त्या शब्दाची?

रेकॉर्डिंगच्या मशीनला तर आवाजाचं खरंखुरं कार्ड थेट जोडलेलं होतं. माइकची वायर त्या कार्डात. मशीनची मेमरी तारेतून दुसरीकडे जाते. कार्ड कसं जाईल? ते पहिल्या डब्यात स्क्रूनं बसवलेलं. म्हणून असं मशीन चालू असताना हलवत नाहीत. आधी काम थांबवायचं, मग हलवायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही – नव्या पोरांना मीच शिकवत होतो.

त्या दुपारी मैनाबाई बसल्या होत्या. मारेगावकडच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या. त्यांची मुलगी बाजारातून परत येताना ट्रकखाली गेली, आणि तेव्हापासून त्या त्याबद्दल कुणाशी अक्षर बोलल्या नव्हत्या. आपल्या कोलामीत बोलेन, एवढीच त्यांची अट. काचेपलीकडे त्यांनी सुरुवात केली – आणि इकडे पहिल्या सर्व्हरचा पंखा बंद पडला. डबा तापायला लागला.

"थांबव ना रे," प्रज्ञाताई म्हणाली. "चहा पाजू त्यायले, मंग बसवू. कायले मिरवून राह्यला?"

मी ऐकलं नाही. नागपूरहून आलेले पाहुणे बाहेरच बसले होते. ताई चिडून त्यांच्याकडे गेली, आणि मी चालू मशीनपासून कार्ड सोडवलं. मशीन दुसऱ्या डब्यावर नेलं. तिथं तसंच कार्ड होतं – ते जोडायचं, वायर तिकडे खोचायची, झालं. असं मी धरून चाललो. ते कार्ड जोडलंच गेलं नाही. पडद्यावर रेकॉर्डिंगचे आकडे पळत होते. आवाजाची रेघ सपाट.

रेघ मला दिसली. आणि मैनाबाई अजून बोलत होत्या.

हेच सांगायला एवढं फिरून आलो. दार हाताशी होतं. उठायचं, 'मावशी, जरा थांबा' म्हणायचं – एवढंच तर होतं. मी बसून राहिलो. त्यांचं बोलणं तुटू नये म्हणून? छे – ते मी नंतर स्वतःसाठी रचलं. पाहुण्यांसमोर थांबायचं नव्हतं मला. काचेतून त्यांचे ओठ दिसत होते. मध्येच त्यांनी हात उचलून जमिनीपासून उंची दाखवली – मुलीची असणार. ते शब्द कुठेच जमा होत नव्हते.

झाल्यावर ताईनं ती सपाट रेघ पाहिली आणि विचारलं, काय झालं? मी म्हणालो – माइकची वायर हलली. आणि मैनाबाईंच्या हाताकडे पाहिलं. फक्त पाहिलं. तेवढं पुरलं.

"माह्याच हात लागला असन, बाबू," त्या म्हणाल्या. "आमाले मशीनचं काय समजते?"

पुन्हा सांगाल का, असं ताईनं हळूच विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एकदाच सांगू शकत होत्या त्या, आणि सांगून झालं होतं.

अपघात झाला की ट्रकवाले म्हणतात, बाईच मधात आली. त्यावर माझं पत्रक आहे, लाल शाईतलं – मेलेल्यालाच दोषी ठरवता? आणि मी त्या मेलेलीच्या आईला काय केलं? वेगळं काय केलं?

आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात. इथं लिहायला माझ्याकडे एकही नाही.

परवा सभेत माइक फिरवत मैनाबाईंपर्यंत गेलो. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले, मागे सरकल्या. "मले नोको देऊ, बाबू. खराब होईन." शेजारच्या बाया हसल्या. त्याही हसल्या.

तेव्हाही बोलता आलं असतं – माइक तर माझ्याच हातात होता. मी तो पुढच्या माणसाकडे दिला.