बाहेरचा जिना

अहमदपूरहून लातूरला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. साठी ओलांडलेली, मांडीवर रुमालाची घडी. माझ्या हातात घराचा नकाशा होता. लातुरातल्या घरावर भाड्यानं द्यायला दोन खोल्या चढवायच्या होत्या. त्यानं न विचारताच नकाशात डोकं घातलं.

"मीटर वेगळं घ्या," तो म्हणाला. "अन् करारनामा केल्याबिगर किल्ली देऊ नका, पावना असला तरी."

मग त्याचं बोट जिन्यापाशी थांबलं. "हा बाहेरून काढलाय?"

"हाव काका. सगळ्यांनी तेच सांगितलं. त्यांची कटकट आपल्याला नको, आपली त्यांना नको."

"मलाबी तेच सांगितलं होतं." तो रुमालाची घडी मोडून पुन्हा घालू लागला. "वर एकटा मास्तर ऱ्हायचा, रिटायर झालेला. लई गरीब माणूस. आला कवा, गेला कवा, कळायचं न्हाई. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदाच. त्या दिवशी आलं, सगळी गल्ली भरू लागली, हा उतरला न्हाई. तवा वर गेलो. त्याला जाऊन दोन दिवस झाले होते."

मी विचारलं, "मग जिना तसाच ठेवला?"

"पाडला. आता जिना आमच्या ओसरीतून वर जातो." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पण खोली बघायला येणारा पयलं हेच विचारतो, बाहेरून जिना हाय का? न्हाई म्हणलं की माघारी जातो."

माझा जिना शेवटी बाहेरूनच झाला. नळाला पाणी आलं की मी हंडा लावायच्या आधी वर हाक मारतो.